मांगं पाह्य!

श्रावणात यवतमाळहून माहेरी जाताना राळेगाव मागे पडलं की एसटीच्या खिडकीतून तो वास येतो. गोडसर, आणि थेट डोक्यात जाऊन बसणारा. शेजारची बाई नाकाला पदर लावते, कंडक्टर खिडक्या लावून घ्या म्हणतो, आणि कोणी लावत नाही, कारण आत उकाड्याने जीव जात असतो. बाहेर सगळं हिरवंगार. माझ्या सासरकडचे पाहुणे एकदा याच रस्त्याने आले होते आणि काय हिरवळ आहे हो तुमच्याकडे, असं वाटभर म्हणत होते. या हिरवळीवर माझा राग आहे. पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, पात्या धरू लागल्या की गावोगाव फवारणी सुरू होते, आणि फवारणी सुरू झाली की मला एक खुनाखुनीचा सिनेमा आठवतो.

सिनेमा भिकार आहे, हे आधीच सांगून टाकते. नाव सांगत नाही. ज्यांनी पाहिला ते कबूल करणार नाहीत आणि ज्यांनी नाही पाहिला त्यांचं काही अडलेलं नाही. एका बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या विश्रामगृहात शहरातली कॉलेजची पोरं-पोरी मजा करायला येतात आणि एकेक करून मरतात. मारणारा वेल्डिंगवाल्याचा काळ्या काचेचा मुखवटा घालून येतो. हातात पत्रा कापायची भली मोठी कात्री. ती तो आधी नुसतीच उघडमीट करतो, कच्, कच्, आणि मग कामाला लागतो. त्याचा चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही. त्या काळ्या काचेत दिसतो तो मरणाऱ्याचा चेहरा. दिग्दर्शकाला अख्ख्या सिनेमात एवढी एकच गोष्ट सुचली होती, पण ती चांगलीच सुचली होती, असं मला आता वाटतं.

मी शाळेत मराठी शिकवते. स्टाफरूममध्ये आवडत्या सिनेमाचा विषय निघाला की मी शहाण्यासारखं दुसरंच काहीतरी नाव घेते. रक्ताचे पाट वाहणारा सिनेमा बाईंना पाठ आहे, हे कळलं तर मुख्याध्यापक माझ्याकडे वेगळ्याच नजरेने पाहतील. पण खरं विचाराल तर मला त्या सिनेमाएवढं सुख दुसऱ्या कशातच मिळालेलं नाही. आणि सुख म्हणताना माझे दात एकमेकांवर दाबले जातात, हेही खरं.

पहिल्यांदा तो पाहिला पोळ्याच्या सुमाराला, व्हीसीडी भाड्याने आणून. माझा भाऊ, दादा, तेव्हा नुकताच कॉलेज सोडून शेतात लागला होता. मी शाळेत होते. वेळ दुपारची, पण असले सिनेमे उजेडात पाहायचे नसतात म्हणून दादाने खिडक्यांना पोती अडकवली. शेजारच्या बाया-पोरांनी खोली गच्च भरली. आईने आधी देवाला हात जोडले आणि मग सगळ्यांच्या पुढे जाऊन बसली. खोलीत घामाचा, पोत्यांचा आणि कोणाच्या तरी तंबाखूच्या खर्ऱ्याचा वास. अर्ध्यात, नेमकी कात्री वर उचलली गेली आणि लाइट गेली. तासभर आली नाही. एकही माणूस जागचा उठला नाही. त्या काळोखात पुढे काय होणार यावर जी चर्चा झाली, ती सिनेमापेक्षा चांगली होती.

नायिकेची एक मैत्रीण एकटीच कारखान्याच्या गोदामात जाते. कोणी आहे का, कोणी आहे का, असं विचारत जाते, आणि मुखवटेवाला तिच्या पाठीशीच उभा असतो. आमच्या खोलीतून एकच ओरडा उठला. सगळ्यात मोठा आवाज दादाचा. "मांगं पाह्य! अवं, मांगं पाह्य!" ती काही मागे पाहत नव्हती. दादा उठून टीव्हीपाशी गेला आणि पडद्यावर बोट आपटून तिला सांगू लागला. आई कपाळावर हात मारून म्हणाली, "कायले गेली वं थे एकटी? मरायलेच गेली!" आणि मग कच्, कच्. रक्त उडालं, ते होळीच्या रंगासारखं पातळ आणि गुलाबी. खोली हसत सुटली.

शेवटी एकटी नायिका उरते. ती उरते, कारण सगळ्या सिनेमात मागे वळून पाहणारी ती एकटीच. झटापटीत ती मुखवटा ओढून काढते, आणि आत निघतो विश्रामगृहाचा म्हातारा खानसामा, जो पहिल्या दृश्यापासून सगळ्यांना चहा देत असतो. मग तो बोलतो. कात्री स्वतःच्याच पोटात घुसलेली असताना तो एवढं लांबलचक बोलतो की डॉक्टर बोलावला असता तर तेवढ्यात येऊन पोचला असता. कारखान्यात त्याची पोर यंत्रात सापडून गेली, मालकांनी प्रकरण दाबलं, ही सगळी त्या मालकांची लेकरं. कोणाकोणाला मारलं, कशासाठी मारलं, कुठून सुरुवात झाली, सगळं उभं राहून सांगतो. "हाँ, मैंने मारा," म्हणतो. हे भाषण दादाला तोंडपाठ. बैल धुताना, डवरणी करताना, लग्नाच्या पंगतीत वाढताना तो ते म्हणून दाखवायचा, पोटाला हात लावून.

माझं लग्न झालं आणि मी यवतमाळला आले, तेव्हा राखीला माहेरी जायचं आणि जेवण झालं की तो सिनेमा पाहायचा, हा आमचा नेम झाला. व्हीसीडी गेली, मेमरी कार्ड आलं, तेही गेलं, आता सगळं मोबाईलवर मिळतं. वहिनी भांडी आवरता आवरता म्हणायची, "राखीच्या दिवशी खून पाह्यतेत दोघं. कसे लोक हायत हे, बाप्पा!" आणि पदराला हात पुसत गोदामाच्या दृश्याला बरोबर येऊन बसायची. आम्ही तिघंही ओरडायचो. ती पोरगी मागे बघणार नाही हे ठाऊक असूनही ओरडायचो. त्यातच तर गंमत होती. ओरडण्याचं आपल्यावर काही ओझं नव्हतं, कारण ते तिच्यापर्यंत पोचणारच नव्हतं.

मग ते वर्ष आलं. पाऊस वेळेवर झाला, पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली, आणि लोक एकमेकांना हसून दाखवत होते. एवढ्या उंच पऱ्हाटीत फवारा मारायचा म्हणजे हात वर करून मारायचा, आणि वर मारलेलं सगळं आपल्याच तोंडावर येतं. राखीच्या आदल्या दिवशी सकाळी दादा-वहिनीचं थोडं वाजलं होतं. वहिनीला स्वतःच्या भावाकडे जायचं होतं, आणि दादा म्हणत होता, शोभा येऊन राह्यली, तिच्या जेवणाचं कोण पाहीन. शोभा म्हणजे मी. एवढंच. घरोघरी राखीला हेच भांडण असतं. मग तो पंप घेऊन शेतात गेला.

जाण्याआधी त्याने दुपट्टा बादलीत बुडवला, पिळला आणि नाकातोंडावरून घट्ट बांधला. आमच्याकडे सगळे असाच बांधतात. ओल्याने गार वाटतं, वास कमी येतो, आणि धूळ अडते तसं औषधही अडत असेल असा आपला अंदाज. असतं उलटंच. ओला कपडा औषध शोषून घेतो आणि दुपारभर नाकातोंडाशी दाबून धरतो. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी ते डब्यावर बारीक अक्षरांत, आम्हाला न येणाऱ्या भाषेत छापलं आणि ते मोकळे झाले. सिनेमात मुखवटा मारणारा घालतो. आमच्याकडे मरणारा स्वतःच्या हाताने बांधून घेतो.

दुपारी तो बांधावर पडलेला सापडला. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. शेजाऱ्याच्या गाडीतून मोठ्या दवाखान्यात नेलं. मी पोचले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. होऊन गेलं म्हणजे त्याचा जीव वाचला होता, आणि वहिनी आणि डॉक्टर यांच्यात सहा वाक्यांचं बोलणं झालं होतं. ते बोलणं वहिनी अजूनही मला अधूनमधून ऐकवते, कुठे चुकलं ते मी सांगावं म्हणून.

"यांनी औषध घेतलं का?" डॉक्टरने विचारलं.

"हो जी, घेतलं नं," वहिनी म्हणाली.

"कधी?"

"परवा. राळेगावून."

त्याने बहुतेक राळेगाव ऐकलंच नाही. तो पोरगाच होता, लांबच्या शहरातला, डोळ्यांत झोप तरंगत होती आणि ओळीने खाटा भरलेल्या होत्या. त्याने पुढचं विचारलं, "घरात काही भांडण झालं होतं?"

आणि माझी वहिनी, जिला खोटं बोलता येत नाही, म्हणाली, "थोडसंक झालतं, जी."

झालं. दादाने विष पिऊन जीव द्यायचा प्रयत्न केला, असं लिहिलं गेलं.

त्या डॉक्टरचं मराठी चांगलं होतं, तेच नडलं. त्याच्या मराठीत औषध घेतलं म्हणजे घशाखाली उतरवलं. आमच्याकडे औषध पेतात. घेतात ते दुकानातून. मी वर्गात घेणे या क्रियापदाचे अर्थ फळ्यावर लिहून देते: विकत घेणे, हातात घेणे, मनावर घेणे, श्वास घेणे. मुलं माना खाली घालून उतरवून घेतात. त्या वर्षी फळ्याकडे पाठ करून उभी राहिले तेव्हा मला रडू फुटलं आणि मी डोळ्यांत खडूची धूळ गेली म्हणून सांगितलं. पिकावर मारायच्या जहराला आपण सगळेच औषध म्हणतो, दुकानदारही, शेतकरीही, मीही. जो शब्द माणूस वाचवायला ठेवला होता तोच आपण तिथे नेऊन वापरला, आणि पुन्हा त्याच शब्दाने माझ्या भावाला धरलं.

मी भांडले. परोपरीने समजावून सांगितलं. आधी जे सांगितलं तेच लिहिलंय, एवढंच उत्तर मिळालं. दादाला शुद्ध आली, बोलता येऊ लागलं, तेव्हा तोही सांगू लागला की मी फवारून राह्यलो होतो. पण तोवर गाव भेटायला येऊ लागलं होतं. आमच्या एका मावशीने त्याचा हात हातात घेतला. "बापू, असं करू नाई रे. बायकोचं तं पाह्यचं होतं."

"मावशी, मी फवारलं. पेलो नाई."

"हो बापू, हो," मावशी म्हणाली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

त्या हो बापूला तोड नाही. शिवी दिली असती तर त्याने उलट दिली असती. मायेने फिरवलेल्या हाताला काय उत्तर द्यायचं? दुकानदार म्हणाला, डोस जास्त केला असन. कोणी साहेब येऊन म्हणाले, वाऱ्याच्या तोंडी कशाला गेलात, त्याच हाताने खर्रा खाल्ला असेल. पुढे एक गाडी आली, कागदी मास्क वाटले, फोटो काढले. ते मास्क घामाने एका दुपारी लगदा झाले. उरलेले पोरांनी तान्ह्या पोळ्याला लाकडी बैलांच्या तोंडाला बांधले. जो तो दादालाच विचारत होता, तू असं काहून केलं? आम्ही गोदामातल्या पोरीला हेच म्हणायचो. मरायलेच गेली. सिनेमा पाहणाऱ्यांची ही जुनी खोड आहे. मारणारा कात्री घेऊन समोर उभा असतो आणि आपण चिडतो मरणारीवर. फक्त तिथे शेवटी मुखवटा निघतो आणि आत दुसरं कोणीतरी असतं. आमच्या सिनेमात मुखवटा ओढला तेव्हा आत दादाच निघाला.

त्याचा एक डोळा गेला. दुसऱ्याला उजेड-अंधार कळतो, माणूस कळत नाही. त्याबद्दल तो फारसं बोलत नाही. बोलतो ते एकच, कोणी नवीन माणूस घरी आला की, चहा यायच्या आधी: "मले मरायचं नोतं, बरं का." पाहुणा कावराबावरा होतो. वहिनी आत भांडं आपटते. मला त्या वाक्याचा सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण जिवंत माणसाला असं सांगत फिरावं लागू नये.

त्यानंतरच्या राखीला मी सिनेमाचं नावही काढलं नाही. जेवण झाल्यावर तोच म्हणाला, "लाव नं."

"दादा, तुला..."

"आयकाले काय डोये लागतेत?"

मोबाईल छातीवर ठेवून तो खाटेवर आडवा झाला. पोरापोरींची गाणी सुरू झाली. त्याच्या चेहऱ्यावर मी कित्येक महिन्यांत न पाहिलेलं हसू आलं. कोण कुठे उभं आहे, कोण दार उघडतंय, हे तो माझ्या आधी सांगत होता. कात्री वाजली तेव्हा त्याने हळूच विचारलं, "काचंत तिचं तोंड दिसून राह्यलं का?" मी हो म्हटलं. "भेलेली हाये?" मी हो म्हटलं. "मंग बरोबर हाये," तो म्हणाला. पण गोदामाच्या दृश्याला तो ओरडला नाही. तेव्हापासून कधीच ओरडला नाही. खानसाम्याचं भाषण मात्र श्वास रोखून ऐकतो, हात पोटावर ठेवून, आणि त्याचे ओठ हलत असतात.

लोक विचारतात, असले सिनेमे बघवतात तरी कसे. मला विचाराल तर बाहेरचं बघवत नाही म्हणून ते बघवतात. तिथे दर वेळी तेवढेच मरतात, एकही जास्त नाही. तिथे मारणारा एक असतो, त्याला दोन हात असतात, तो कात्री वाजवून येतो. आणि शेवटी तो सांगतो. मला त्या म्हाताऱ्या खानसाम्याबद्दल आदर वाटतो, हसा हवं तर. एवढे मुडदे पाडले, पण मरणारीच्या नावावर एकही लावला नाही. असा प्रामाणिक मारेकरी आमच्या तालुक्यात मिळणार नाही. माझ्या भावाला त्या सिनेमातलं रक्त आवडत नाही, आणि मलाही नाही. आम्हाला ते एक वाक्य ऐकायचं असतं. हो, मी मारलं. एवढं कोणी म्हणावं म्हणून आम्ही दर श्रावणात दोन तास कात्रीचा आवाज ऐकतो.

यंदा राखीला गेले तेव्हा पावसाने उघाड दिली होती. मी ताट घेऊन बसले, दादाने मनगट पुढे केलं, मी राखी बांधली. त्याने गाठीवरून बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "मोठी आणली यंदा." अंगणात पंप धुऊन ठेवलेला होता. मी वहिनीला विचारलं, आज फवारायला कोण येणार?

"कोणी नाई. मीच जातो," वहिनी म्हणाली. आमच्याकडच्या बायाही जातोच म्हणतात.

"तू? अगं माणूस बघ ना एखादा."

"पाहू पाहू थकलो, बाई. जो येते थो म्हंते, तुमची पऱ्हाटी लय उंच हाये. अन् अळी काय माणूस भेटेपर्यंत थांबते?" तिने हे दादाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात सांगितलं. त्याला औषधाचे डबे घेतल्याचंही सांगितलेलं नव्हतं. आमच्या त्या घरात घेतलं हा शब्द आता कोणी मोठ्याने म्हणत नाही.

जेवण झालं. दादा खाटेवर, मोबाईल छातीवर. वहिनी अंगणात. ती मैत्रीण गोदामात शिरली, कोणी आहे का म्हणाली, आणि दादाने एकदम हात वर केला. "बंद कर."

मी आवाज बंद केला. मला वाटलं, त्याला बरं वाटत नाहीये. तो मान वळवून दाराकडे कान देऊन होता. अंगणातून पाण्याचा आवाज येत होता. कपडा बादलीत बुडाला, वर आला, कोणी तो पिळला आणि पाणी परत बादलीत पडलं. मला ते धुणं वाटलं. दादा खाटेवरून उठला, भिंतीला हात लावत दारापर्यंत गेला आणि चौकट धरून ओरडला.

"ओलं नको बांधू! अवं, ओलं नको बांधू!"

तोच आवाज होता. पोती लावलेल्या खोलीतला, पडद्यावर बोट आपटणारा. शेजारची बाई कुंपणाशी आली. आणि वहिनीने मागे वळून पाहिलं. एवढ्या वर्षांत त्याच्या ओरडण्याला मागे वळून पाहणारी ती पहिलीच. पाठीवर पंप चढवलेला, हातात दादाचाच चौकड्यांचा दुपट्टा, त्यातून पाणी ठिबकत होतं. ती रागावली नाही, रडली नाही. आज भाजी काय करू, असं विचारावं तशा आवाजात तिने विचारलं,

"मंग काय बांधू?"

 अख्खा सिनेमा पाठ असलेल्या माणसाला यापुढचं वाक्य येत नव्हतं. मी मराठीची शिक्षिका, मलाही आलं नाही.  मग वहिनीने दुपट्टा पुन्हा एकदा पिळला, आधीपेक्षा जरा जास्त जोर लावून.